गुण हाताचा की पाल्याचा

सकाळपासून धुकं असं दाटलं होतं की प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरचा नळसुद्धा दिसेना, नुसता त्याचा टपटप आवाज यायचा. असल्या हवेत बशा ओतायच्या म्हणजे डोक्याला ताप. काच गार, हवा ओली. ऊन ऊन मीडिया, म्हणजे जंतूंचं खाणं, आत पडला की झाकणाला आतून घाम फुटतो, आणि तो घाम खाली टपकला की सगळ्या कामाचा चिखल. ताईनं खिडक्या घट्ट लावल्या, ओटा स्पिरिटनं पुसून घेतला, बर्नर पेटवला आणि कुकरसारख्या फुसफुसत बसलेल्या ऑटोक्लेव्हमधून काचेचा मोठा चंबू फडक्यात धरून बाहेर काढला.

ह्या कॉलेजात ताईचं काम एकच, पण बाकी सगळ्यांचं काम त्यावर अडलेलं. जंतूंना जेवायला वाढायचं. मांसाचा अर्क, चिमूटभर पिष्ट, अगारची पूड, सगळं पाण्यात शिजवायचं, कोमट झालं की काचेच्या चपट्या बशांत ओतायचं आणि त्याची खरवसासारखी थरथरती चकती जमली की वर जंतू पसरायला बशी मॅडमच्या हातात द्यायची. चंबू कितपत निवला हे बघायला बाकीचे थर्मामीटर शोधत बसत. ताई चंबू गालाला लावायची. गालाला सोसला की ओतायचा. ह्या गालावर ताईनं आजवर किती पिढ्यांचे जंतू जेवू घातले असतील याचा हिशोब नाही. "ताई, तुमच्या बशीत जंतू काय छान वाढतात हो," असं मॅडम नेहमी म्हणायच्या. मॅडम ते कौतुकानं म्हणायच्या आणि ताईच्या काळजात कळ उठायची. कारण घरी हेच वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

आज ओट्यावर बशांच्या दोन चळती होत्या. एकीवर ताईनं काळ्या पेनानं 'भिं' लिहिलं होतं, दुसरीवर 'छो'. भिं म्हणजे पंपघराच्या भिंतीमागचा पाला, ताईनं स्वतःच्या हातानं खुडलेला. छो म्हणजे छोटीचा.

छोटी ही ताईची धाकटी बहीण. डोकं पांढरं झालं, लेक लग्न होऊन दूर समुद्राकाठच्या शहरात गेली, नवरा वारून काळ लोटला, तरी छोटी ती छोटीच. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, शिवणकाम करायची. आणि कुणाला खरचटलं, कापलं, सोललं की लोक तिचं दार वाजवायचे. छोटी एकदांडीचा पाला चोळून रस पिळायची, वर लगदा ठेवायची, चिंधी बांधायची. एकदांडी म्हणजे काही डोंगरकपारीत शोधावी लागणारी वनस्पती नव्हे. गटाराच्या काठाला, भिंतीच्या भेगेत, पाय ठेवाल तिथे उगवते. खरखरीत केसाळ पानं, आणि लांबलचक एका दांडीवर एकुलतं एक बारकं फूल, जणू कुणी हात वर करून हजेरी देतंय. कुणीही खुडावी, कुणीही चोळावी. पण लोक म्हणायचे, छोटीनं बांधलं तरच गुण येतो. छोटीच्या हाताला गुण आहे.

हे पहिल्यांदा म्हणाली ती आई.

ताई तेव्हा फ्रॉकात होती. बाबांच्या अंगठ्याला पत्रा लागला, आई बाहेर गेलेली. ताईनं धावत जाऊन गटाराजवळचा पाला ओरबाडला, न धुता तसाच दगडावर ठेचला आणि आईसारखा बांधला. अंगठा दुधी भोपळ्यासारखा सुजला, पिकला, बाबा कामाला मुकले. "ताईनं अंगठा छान पिकवला," असं म्हणत घरात सगळे हसले. पुढे कधीतरी छोटीनं शेजारच्या पोराच्या गुडघ्याला तोच पाला बांधला. ते पोर दुसऱ्या दिवशी उड्या मारत आलं. आईनं छोटीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हिच्या हाताला गुण आहे गं बाई!" ताई दाराशी उभी होती. "आणि माझ्या?" आईला काहीतरी बोलणं भाग होतं. ती म्हणाली, "तुझ्या हाताला चव आहे की!"

झालं. वाटणी झाली. एकीला गुण, एकीला चव. एकीचा हात जंतू मारणारा, दुसरीचा जंतूंना पोसणारा. कॉलेजात नोकरी लागल्यावर ताईला कळलं की बाबांचा अंगठा पिकला तो गटाराच्या घाणीनं, आणि छोटीनं बांधलेला लागू पडला कारण त्या दिवशी पाला नळाखाली धुतलेला होता. हे तिनं घरी समजावून सांगितलंसुद्धा. आई म्हणाली, "असेल," आणि छोटी आली का बघायला खिडकीशी गेली.

आता आई ताईकडेच राहायची. म्हणजे आईचं जेवणखाण, न्हाणं, औषधं, कुरकुर, सगळं ताईच्या वाट्याला. गेल्या महिन्यात तिच्या नडगीला पलंगाची लोखंडी कड लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं. गोळ्या वेळच्या वेळी ताईनं चारल्या. जखम सकाळी कोमट पाण्यानं ताईनं पुसली. पण दिवस कलायला लागला की आई केस विंचरून घ्यायची, चादरीच्या सुरकुत्या काढायची आणि दाराकडे डोळे लावून बसायची. छोटी यायची, पाच-दहा मिनिटं फुंकर घालत पाला बांधायची, आईच्या दोन गप्पा ऐकायची आणि जायची. जखम भरत आली आणि श्रेय सगळं त्या पाच-दहा मिनिटांच्या खात्यात जमा झालं.

"ताई, तू नको गं हात लावूस," मागे एकदा आई म्हणाली होती. "छोटी येईलच की. उगाच चिघळायचं."

उगाच चिघळायचं! ताई स्वयंपाकघरात जाऊन पातेली अशी आपटायला लागली की नवरा पेपर खाली ठेवून बघायला आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याच्याकडे प्रत्येक दुःखाला लिफ्टचा दाखला असायचा. "अगं, मी खड्ड्यात उतरून तेलात माखून लिफ्ट चालू करतो. लोक आत शिरतात आणि आरशाला म्हणतात, वा! मी जळतो का आरशावर?"

"तुमचा आरसा तुमच्या आईच्या मांडीवर बसत नाही," ताई म्हणाली. तो पेपर घेऊन बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी ताईनं मॅडमना गाठलं. मॅडम वयानं ताईच्या लेकीसारख्या, पण हुशार आणि कामाला वाघ. घरगुती औषधी पाल्यांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. कुठला पाला जंतूंना रोखतो, कुठला शरीराला आतून गंज चढू देत नाही, हे त्या तपासत होत्या. "गंज म्हणजे कसं ताई," त्यांनी एकदा समजावलं होतं, "सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं ना? तसंच आपल्या आत पण चालू असतं. काही पाल्यांत ते लांबवण्याची ताकद असते. तिला म्हणायचं अँटिऑक्सिडंट."

"मॅडम, एक विचारू? गुण पाल्यात असतो की देणाऱ्याच्या हातात?"

मॅडम हसल्या. "आपण बशीत पाल्याचा अर्क ठेवतो ताई. हात कुठे ठेवतो?"

हे वाक्य ताईनं मुठीत धरून घरी नेलं. बशीत हात नसतो! दोघींचा पाला शेजारी शेजारी ठेवायचा. दोन्हीकडे सारखाच गुण निघाला की छोटीच्या हाताची गोष्ट संपली. आईला सांगायचं, हे बघ, कॉलेजात तपासलं, गुण पाल्याचा होता, तुझ्या लाडकीचा नव्हता.

छोटीकडे पाला मागायला गेली तेव्हा ती मशीनवर वाकून शिवत होती.

"तुला पाला? आणि तुला कशाला गं? तुझ्याकडे तर डबाभर मलमं."

"कॉलेजात तपासायचाय."

"अगंबाई! मी कधी कॉलेजाची पायरी चढले नाही, माझा पाला तरी चढू दे." छोटीनं दाताखालचा दोरा तोडला आणि उठली. पुरचुंडी बांधून दिली ती स्वच्छ धुतलेल्या मऊ फडक्यात. "निवडून दिलाय बघ. एक पान किडकं निघालं तर माझं नाव बदल."

एवढ्या मनमोकळेपणानं दिलेली वस्तू हातात घेताना ताईचा हात पोळला. थोडी तरी कुरकुर करायची होती मेलीनं.

आठवडाभर दोन्ही पाले सावलीत वाळले. मग दळून, स्पिरिटमध्ये भिजवून, गाळून, आटवून त्यांचा हिरवट काळा अर्क झाला. त्या अर्कात बुडवून सुकवलेल्या कागदाच्या बारक्या चकत्या जंतूंच्या बशीवर ठेवायच्या. पाल्यात दम असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल रिकामा राहतो. त्याला सगळे झोन म्हणत. जितका मोठा झोन तितका पाला जोरदार.

तर त्या धुक्याच्या सकाळी चंबू गालाला लावून ताई उभी होती. समोर दोन चळती. आणि तिच्या मनात एक पाल चुकचुकली: सारखे आले तर ठीक, पण छोटीचा झोन मोठा आला तर?

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ताईचा हात मुळात सैल. पानात वाढताना जसा, तसाच बशीत. मॅडम सारख्या ओरडायच्या, "ताई, पातळ ओता. बशी जाड झाली की अर्क खाली मुरतो, बाजूला पसरत नाही. झोन लहान दिसतो." जाड गादीवर पाणी सांडलं तर जागच्या जागी जिरतं, पातळ चादरीवर सांडलं तर लांबवर ओघळतं, हे ताईला काही नव्यानं शिकवायला नको होतं. तिनं हाताला वळण लावून घेतलं होतं. मापात ओतायची.

तिनं आधी भिं ची चळत घेतली. मापात, अगदी पातळ, पापडासारखी. मग छो ची घेतली आणि हात सैल सोडला.

भरभरून वाढलं तिनं. काठापर्यंत. बहिणीच्या पानात जास्त वाढलं म्हणून जगात कुणी कुणाला पकडलंय का? ओतताना तिला स्वतःचंच नवल वाटलं, इतकं ते सोपं होतं. वाईट काम करताना हात कापतो म्हणतात. तिचा हात मुळीच कापला नाही. उलट जन्मात पहिल्यांदा त्याला मोकळं सोडल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी इन्क्युबेटर उघडला. बशांवर जंतूंची पिवळसर साय धरली होती. भिं च्या चकत्यांभोवती ठसठशीत गोल. छो च्या चकत्यांभोवती नुसती किनार, असून नसल्यासारखी. मॅडमनी घाईघाईनं पट्टीनं मापं घेतली, त्यांना तासाला जायचं होतं. "तुमचा भिंतीमागचा पाला जोरात आहे हो ताई! जागेचा फरक पडतो कधीकधी."

ताई संध्याकाळी घरी गेली ती जमिनीवरून चार बोटं वर.

छोटी आईच्या पायाशी बसून पट्टी सोडत होती. नवरा खुर्चीत. बरी सभा भरली होती.

"तुझा पाला तपासला," ताई चपला काढता काढता म्हणाली. "माझा पण. माझ्यात दम जास्त निघाला. दुपटीनं."

"कशात दम?" आईनं विचारलं.

"पाल्यात. मी तोडलेल्या. जंतू जवळ फिरकले नाहीत. छोटीच्या पाल्याजवळ आपले खुशाल बसलेत."

"बशीला काय कळतंय गं माणसाचं?"

"बशीला माणसाचं कळत नाही, म्हणून तर ती खोटं बोलत नाही." हे वाक्य बोलताना मात्र ताई चपला सरळ करत राहिली.

चोळायला काढलेला पाला छोटीनं परत फडक्यात घातला, गाठ मारली आणि उठली. "असेल बाई. शिकलेल्या लोकांनी तपासलंय म्हटल्यावर असेलच." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"अगं पण माझी पट्टी!" आई ओरडली.

"ताई बांधेल. तिच्या पाल्यात दम आहे."

ताईनं बांधली. धुतलेला पाला, उकळलेली पट्टी, सगळं जिथल्या तिथे. आईनं भिंतीकडे तोंड केलं ते रात्रीच्या जेवणापर्यंत फिरवलं नाही. नवरा हळूच म्हणाला, "जिंकलीस की गं. मग लिफ्ट मध्येच अडकल्यासारखं तोंड का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कामाला निघणार तोच दारात कोपऱ्यावरचा सुतार. पटाशीनं बोट कापलेलं, रुमाल लाल झालेला. "छोटीताईंनी पाठवलं. म्हणाल्या माझ्या पाल्यात राम नाही, थोरलीकडे जा. तिकडे गुण आहे."

ताईनं सगळा जन्म ह्या घडीची वाट बघितली होती. कुणीतरी रक्ताळलेलं बोट पुढे करून तिच्या दारात यावं आणि म्हणावं, इकडे गुण आहे. आणि आता ते बोट समोर आल्यावर ती दोन पावलं मागे सरली. अंगठा आठवला. भोपळ्यासारखा.

"आत या. हात नळाखाली धरा." तिनं साबणानं बोट धुतलं, स्वच्छ पट्टी घट्ट बांधली. पाल्याला हातसुद्धा लावला नाही. "सरळ दवाखान्यात जा. टाका पडेल."

"मग छोटीताई तरी काय वाईट होत्या?" सुतार पुटपुटला आणि गेला.

कॉलेजात पोचली तर मॅडम जांभळ्या नळ्यांपुढे बसलेल्या. ही दुसरी तपासणी, गंजाची. गडद जांभळ्या द्रावात अर्क घालून नळ्या अंधारात ठेवायच्या. अर्कात गंज रोखण्याची ताकद असेल तर जांभळा रंग विटतो आणि पिवळा पडतो. समोरच्या नळ्या पिवळ्या पडल्या होत्या. सगळ्याच. भिं कुठली, छो कुठली, चिठ्ठी वाचल्याशिवाय कळेना.

"गंमत आहे," मॅडम म्हणाल्या. "इथे दोघी सारख्या. यंत्रावर पण आकडे जवळजवळ तेच. मग बशीतच एवढा फरक का?"

ताई काचा धूत होती. काच तिच्या हातातून निसटली, फुटली मात्र नाही.

मॅडमनी कालच्या बशा काढल्या. प्रत्येक बशीत पाल्याच्या चकत्यांबरोबर एक चकती ओळखीच्या औषधाची असायची, दुकानात मिळतं त्या अँटिबायोटिकची. तिचा झोन सगळ्या बशांत सारखाच यायला हवा, तो न्यायाधीश. काल घाईत तो मोजायचा राहिला होता. मॅडमनी पट्टी लावली. भिं च्या बशांत न्यायाधीश ऐसपैस बसलेला. छो च्या बशांत आक्रसून गेलेला. त्यांनी छो ची एक बशी उचलली, तळहातावर तोलली, उजेडाकडे आडवी धरली.

"ताई, हात सैल सुटला की हो. ह्या बघा केवढ्या जाड."

सुटका समोर उभी होती. हो मॅडम, सुटला, एवढंच म्हणायचं. कितीदा तरी खरंच सुटला होता.

"चुकून नाही मॅडम," ताई म्हणाली. "मुद्दाम."

"मुद्दाम? का?"

"बहीण आहे ती माझी."

आता मॅडम भडकणार, साहेबांकडे नेणार, असं ताईला वाटलं. मॅडमचा चेहरा खरंच लाल झाला. एवढा अर्क वाया गेला होता. पण बशा गोळा करता करता त्या म्हणाल्या, "मलाही एक आहे. डॉक्टर आहे ती." आणि त्या 'डॉक्टर'वर त्यांनी असा काही जोर दिला की ताईनं चमकून वर बघितलं. "पुन्हा ओता. सगळ्या एका मापानं. आणि ह्या खेपेला बशांवर नुसते आकडे मी टाकणार. कुठली कुणाची ते तुम्हाला सांगणार नाही. मी पण मोजताना यादी बघणार नाही."

ताईनं ओतल्या. प्रत्येक बशीला नळीनं माप घेऊन. आणि झोन आले ते जुळ्या बहिणींसारखे. अँटिबायोटिकच्या झोनपुढे दोघी चिमुकल्या, पण होत्या, आणि सारख्या होत्या.

"दम आहे पाल्यात," मॅडम म्हणाल्या. "पण बशीतला जंतू वेगळा आणि माणसाची जखम वेगळी. औषध म्हणायला अजून पुष्कळ बाकी आहे. घरी जाऊन लगेच दवंडी पिटू नका."

दवंडी कसली पिटते. ताईला छोटीच्या दारापर्यंत जायला पाय उचलेना. गेली तेव्हा छोटी मशीनला तेल घालत होती.

"मी तुझ्या बशा जाड ओतल्या होत्या," ताई उंबऱ्यातूनच म्हणाली. "म्हणून झोन लहान आला. नीट ओतल्या तर दोन्ही सारखे. जराही फरक नाही."

"जाड ओतल्या म्हणजे?"

"म्हणजे लबाडी केली."

छोटीनं तेलाची कुपी खाली ठेवली. "माझ्यावर?"

"हो."

"एवढी जळतेस?"

"लहानपणापासून."

ताईला वाटलं आता शिव्या घालेल, बरं होईल. पण छोटीचं डोकं भलत्याच गोष्टीशी अडलं होतं. "थांब. सारखे म्हणजे कसे? भिंतीमागचा कुणीही तोडलेला पाला, आणि माझा, दोन्हीत तेवढाच गुण?"

"तेवढाच."

"म्हणजे माझ्या हातात काही नाही?"

"तुझ्याही नाही आणि माझ्याही नाही. पाला धुवायचा, हात धुवायचे, एवढंच."

छोटीनं दोन्ही तळवे समोर धरून उलटसुलट बघितले. मग एकदम तिचा आवाज चढला. "मग मी इतकी वर्षं कुठेच का गेले नाही? लेक दर सुट्टीला बोलावते. आई ये, चार महिने राहा. आणि ही आपली आई म्हणते, तू गेलीस तर लोकांचं काय, माझं काय, तुझ्या हातासारखा हात नाही. मी आपली बसले इथे हात राखत! नातवाचं बारसं झालं, पोर शाळेत जायला लागलं, मी फोटोत बघितलं. ह्या हातापायी! तुला नोकरी होती, तू रोज पर्स अडकवून बाहेर पडायचीस, चार माणसांत बसायचीस. मी जळायची नाही असं वाटतं तुला? पण मला जळायलासुद्धा फुरसत नव्हती, दार सारखं वाजायचं!"

"मला काय माहीत," ताई म्हणाली.

"तुला काय माहीत! तू जाड ओतत बस." छोटी उठली, कपाटावरची बॅग खाली ओढली, तिच्यावरची धूळ फटक्यानं उडवली. ती धूळ सगळी ताईच्या अंगावर आली. "उद्यापासून आई तुझी. सकाळची पण, संध्याकाळची पण. आणि कुणी माझ्या दाराशी आलं तर तुझा पत्ता चिकटवून जाणार आहे."

"अगं, पण आई ऐकणार नाही."

"तू सांग तिला. तूच तपासलंयस ना?"

आईनं दोन दिवस रडून घेतलं. मग म्हणाली, "बांध बाई तूच. पण फुंकर घाल." ताई फुंकर घालायची. "जोरात नको, वादळ आहे का?" ताई हळू घालायची. "लागत पण नाही." पट्टी झाली की गप्पा ऐकायच्या. ताईला वाटायचं छोटी पाच-दहा मिनिटांत सुटत असे. कसली पाच-दहा! आईच्या मावशीच्या दिरापासून गोष्ट सुरू व्हायची. भाजी करपली तरी गोष्ट दिराशीच असायची. मधूनच सुतार यायचा, बोट दाखवायला. टाके निघाले होते, पण त्याला आता ताईचाच भरवसा वाटायला लागला होता. बरोबर मेहुण्याला घेऊन यायचा, त्याचं काहीबाही सोललेलं. ताई साबण देऊन त्यांना नळ दाखवायची.

एका संध्याकाळी छोटीचा फोन आला. मागे लाटांचा आवाज.

"ताई, पायात चप्पल नाहीये माझ्या. वाळूत बसलेय. नातू खड्डा खणतोय, म्हणतो आजी, तुला ह्यात पुरतो. आणि काही काम नाही गं! सकाळी उठते तर चहा हातात."

"बरं आहे," ताई म्हणाली.

"जावयानं मोठी खिडकी असलेली खोली दिलीय. समुद्र दिसतो. तुझे साहेब काय म्हणतात, लिफ्ट चालू?"

"चालू."

"आणि आई?"

"बरी आहे. जखम भरली. आता दुसरा पाय दुखतो म्हणते."

छोटी खळखळून हसली. इतकं मोकळं हसणं ताईनं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आणि ऐकता ऐकता तिच्या पोटात तोच जुना निखारा फुलला, फक्त आता तो वाळूवरून, उघड्या खिडकीवरून, हातात आयत्या मिळणाऱ्या चहावरून सरकत होता. कशी सुटली बघा. आणि सोडवली कुणी? ताईनंच.

"काय म्हणते छोटी?" आतून आईनं विचारलं.

"काही नाही. मजा आहे तिची."

"असेल. तिचं नशीबच मुळी..."

"आई, पाय वर घे," ताई म्हणाली. तिनं फोन ओट्यावर उपडा ठेवला, शेगडीवर पाणी चढवलं आणि दिवसभराच्या पट्ट्या उकळायला टाकल्या.